उघड्या तोंडाचं पिंप

सौसरहून पांढुर्ण्याला निघालेल्या बसच्या टपावर दारूचं पिंप चढलं, आणि ते चढवणारी बाई दुसरीतिसरी कोणी नसून लीलाबाई सोमकुवर आहे हे लोकांना कळलं, तेव्हा सगळ्या बसला बोलायला विषय मिळाला. कारण याच लीलाबाईनं मागच्या पोळ्याच्या आधी मोहल्ल्यातल्या बायका गोळा करून जाम नदीकाठची मोहाच्या दारूची मडकी मुसळानं फोडली होती. पांढुर्ण्यात तिचं नाव निघालं की लोक आपसूक मुसळ धरल्यासारखा हात करून दाखवत. आणि आता तीच बाई, डोक्यावर पदर, कमरेला खोचलेला ओचा, हमालाला सांगत होती की दोर आणखी एक वेढा घे, पिंप घरंगळलं तर तुलाच खाली उतरून आणावं लागेल.

कंडक्टर तोंडाळ होता. तो म्हणाला, "काय बाई, तवा मडके फोडले, अन् आता पिंपच घेऊन चालल्या? मडक्यात भागत नव्हतं काय?"

"तुमी तिकिट फाडा," लीलाबाई म्हणाली. "पिंप रिकामं हाये. तुमच्या डोक्यावानी."

बस हसली. कंडक्टरही हसला, आणि तिकिटाला उगीच दोनदा भोक पाडलं. पण लीलाबाईचं हसण्यात लक्ष नव्हतं. मोहगाव येईपर्यंत आणि मोहगाव गेल्यावरही ती खिडकीतून मान बाहेर काढून टपाकडे बघत होती. शेजारची बाई म्हणालीसुद्धा, की माय, मान मोडून घेशील. तिनं ऐकलं नाही. ऐकून घेणं हा तिचा स्वभावच नव्हता, आणि तिची सगळी कहाणी या एका गोष्टीपायी घडली असं म्हटलं तरी चालेल.

तिचा बाप, दादाजी, सौसरच्या दारूच्या गोदामात पिंपं दुरुस्त करायचा. त्या काळी दारू सागवानी पिंपांत भरून ठेवत. फळी फुटली, लोखंडी पट्टी सैल झाली, बुडातून गळायला लागलं, की दादाजीला हाक. माणूस जन्मभर दारूत हात बुडवून बसला, पण थेंब जिभेवर ठेवला नाही. लोकांना ते खरं वाटत नसे. लीला त्याची थोरली. आई लवकर गेलेली, म्हणून बाप कामावर जाताना तिला सोबत न्यायचा. ती हातोडी द्यायची, पाचर द्यायची आणि बघून बघून शिकायची. पोरीच्या जातीला हे काय कामाचं, असं कोणी म्हटलं की दादाजी म्हणायचा, कामाले जात नसते बाप्पा, हात असते.

मग पिंपांचे दिवस गेले. दारू कारखान्यातून बाटल्यांत यायला लागली, दादाजी वारला, आणि गोदामाच्या मागच्या अंगणात पिंपं उन्हापावसात उघडी पडून वाळली. कोणी त्यांत पाणी भरून ठेवलं, कोणी फोडून सरपण केलं. लीलाबाईचं लग्न पांढुर्ण्याच्या सुखदेवशी झालं. सुखदेव रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल. संत्र्याच्या हंगामात पेट्या गाडीत चढवायच्या आणि बाकीचे दिवस कापसाचे गठ्ठे. अंगानं हा बैल, मनानं गरीब, आणि संध्याकाळ झाली की पिणारा. पिऊन तो कोणाला मारत नसे, एवढं म्हणायचं. पण जिथे पडेल तिथे पडे, आणि त्याला उचलून आणायला लीलाबाईलाच जावं लागे. तिनं मडकी फोडली ती काही भाषण ऐकून नव्हे. एक दिवस त्याला उचलताना तिची कंबर भरली, आणि घरी येऊन ती रडायच्या ऐवजी चिडली, म्हणून.

त्यानंतर सुखदेवनं विहारात सगळ्यांसमोर पाचवं शील घेतलं, की नशा करणार नाही. तेव्हापासून त्यानं पाळलं होतं. मोहल्ला म्हणे, बघू किती दिवस. लीलाबाई तोंडानं म्हणत नसे, पण तिच्याही मनात तेच असे.

आता अशा घरात दारूचं पिंप आणायचं कशाला, असं कोणीही विचारेल. सुखदेवनंही विचारलं. अंगणात पिंप टेकवलेलं बघून तो धक्क्यावरून आला तसाच दारात उभा राहिला. उन्हानं वाळलेल्या सागवानातून अजून जुन्या दारूचा वास येत होता.

"हे घरात काऊन आनलं?" तो म्हणाला.

"शिरका बनवाचा हाये," लीलाबाई म्हणाली. "संत्र्याचा."

भगवंतराव नावाचे तिगावचे एक बागवाले होते. लीलाबाई आणि मोहल्ल्यातल्या बायका त्यांच्या बागेत संत्री निवडायला जात. चांगलं फळ तणसात घालून पेटीत, आणि डागी, फुटकं, पिचकं फळ बांधावर. बांधावर त्याचे ढीग लागत, त्यावर माश्या घोंगावत, आणि आठ दिवसांत तिथून नाक धरल्याशिवाय जाता येत नसे. लीलाबाईला ते बघवत नव्हतं. तिनं भगवंतरावांना विचारलं तर ते म्हणाले, घेऊन जा ना बाई, खतातच जाऊन राहिलं. तेव्हा तिला बापाची एक गोष्ट आठवली. लहानपणी गोदामातलं एक पिंप आंबून गेलं होतं. साहेब लोकांनी शिव्या दिल्या, पण दादाजीनं तो आंबट माल, म्हणजे शिरकाच, घरी आणून त्यात कांदे घातले. अख्खा पावसाळा त्या कांद्यांवर भाकर गेली होती. असा शिरका आपण केला, तर स्टेशनाजवळच्या आणि नागपूर रस्त्यावरच्या ढाब्यांना देता येईल, आणि हंगाम सरल्यावर बायकांच्या हाताला काम राहील, हा तिचा हिशेब. हिशेब चांगला होता. फक्त त्यात सुखदेव धरला नव्हता.

"नवीन पिंप नाई भेटत काय?" त्यानं विचारलं.

"नवीन पिंप बनवते कोन आता? अन् मले जुनं दुरुस्त करता येते, नवीन नाई."

सुखदेवनं हातपाय धुतले आणि पिंपाकडे पाठ करून जेवायला बसला.

दुसऱ्या दिवसापासून लीलाबाई कामाला लागली. आधी तिनं प्रत्येक फळीवर कोळशानं खूण केली, कारण पिंपात प्रत्येक फळीची शेजारीण ठरलेली असते. शेजारीण बदलली की फट राहते. मग पट्ट्या ठोकून काढल्या आणि पिंप सोललेल्या संत्र्यासारखं अंगणात पसरलं. आतली काळी साल तिनं पटाशीनं खरवडली, फळ्या धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातल्या, मग उन्हात, मग परत पाण्यात. दारूचा वास काही जाईना. शेवटी तिनं फळ्यांना गंधकाची धुरी दिली, तर मोहल्लाभर असा धूर झाला की कुसुमबाई तोंडाला पदर लावून धावत आली.

कुसुमबाई म्हणजे विहाराच्या बायकांतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कडक. मडकी फोडायला सगळ्यांत पुढे लीलाबाई होती, पण तिच्या पाठीवर हात कुसुमबाईचा होता.

"कायची भट्टी लावली वो?" ती म्हणाली.

लीलाबाईनं सगळं समजावून सांगितलं. कुसुमबाईनं ऐकलं, पिंपाच्या फळीचा वास घेतला आणि नाक मुरडलं. "वास तं दारूचाच येऊन राहिला. पन तू म्हनतेस तं करून पाह्य. फकस्त एक ध्यानात ठेवजो, तुह्या घरात सुखदेव हाये."

जोडायच्या वेळी गंमत झाली. पट्टी तापवून फळ्यांवर चढवायची, आणि ती गार व्हायच्या आत चहूबाजूंनी सारखी ठोकत खाली उतरवायची. दादाजीला हे एकट्याला जमे, लीलाबाईला एकटीला जमेना. एका बाजूनं ठोकलं की दुसरी बाजू वर येई. दोन वेळा सगळं पिंप फसकन उघडून तिच्या पायावर पडलं. तिसऱ्या वेळी ती शिव्या देत उभी असताना सुखदेव खाटेवरून उठला आणि त्यानं दोन्ही हातांनी फळ्यांना कव घातली. पेट्या उचलून उचलून घट्ट झालेले हात होते ते. लीलाबाई गोल फिरत ठोकत राहिली, आणि पट्टी बसली. त्यानं हात सोडले, छातीवरची काजळी झटकली आणि परत खाटेवर जाऊन बसला. पिंपाचा वास घ्यायला नको म्हणून त्यानं एवढा वेळ श्वास धरला होता, हे लीलाबाईला तेव्हा कळलं नाही.

फळ्यांच्या सांध्यात तिनं जाम नदीच्या काठचं वाळवलेलं पाणकणीस फटी बुजवायला बसवलं. मग पिंपात पाणी भरलं. पहिल्या दिवशी पाणी ठिकठिकाणांहून पाझरलं, लाकूड फुगलं तसा पाझर कमी झाला, आणि मग अंगण कोरडं. वर झाकणाच्या कडेला आणि बुचाला राळ आणि मेण वितळवून ओतलं. पिंप आडवं केलं, उभं केलं, लोळवलं. थेंब नाही. लीलाबाईनं ओल्या हातानं पिंपावर थाप मारली आणि म्हणाली, "दादाजीनं पाह्यलं असतं तं खूश झाला असता."

कार्तिकात रस भरला. ज्या मुसळानं मडकी फुटली त्याच मुसळानं संत्री चेचली, आणि मोहल्ल्यातल्या बायकांनी हसून हसून पोटं धरली. रस धोतराच्या फडक्यातून गाळला, थोडा गूळ घातला, पिंप भरलं आणि बूच मेणानं पक्कं बंद केलं. थोड्याच दिवसांत पिंप आतून गुरगुरायला लागलं. बूच सैल केलं की फस्स करून वाफ बाहेर यायची, की लगेच परत मेण. आत हवा जाऊ द्यायची नाही, हे तिच्या बापाच्या धंद्याचं पहिलं अक्षर होतं. ती ते प्राणपणानं पाळत होती. हळूहळू पिंप शांत झालं. लीलाबाईनं मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगितलं, की माघातल्या रविवारी वंदना झाली की माझ्या अंगणात या, शिरका चाखवते.

आल्या. सगळ्या आल्या. वाट्या घेऊन आल्या, कोणी तर सोबत कांदेही चिरून आणले. सुखदेव दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. लीलाबाईनं मेण खरवडलं, बूच उपटलं, आणि अंगणभर वास पसरला.

तो शिरक्याचा वास नव्हता. तो असा वास होता की पुढे उभ्या असलेल्या बाया दोन पावलं मागे झाल्या. संत्र्याची दारू, चांगली, स्वच्छ, कडक दारू. लीलाबाईनं वाटीत काढून जिभेला लावली. जीभ भाजली आणि पाठोपाठ छातीत ऊब आली.

मग कुसुमबाई अगदी हळू म्हणाली, "मुसळ आन."

लीलाबाईनं मुसळ आणलं. लाजेनं तिचे कान तापले होते. ज्या मोहल्ल्यात तिनं लोकांची मडकी फोडली, त्याच मोहल्ल्यात तिच्या अंगणात त्यांच्यापेक्षा चांगली दारू तयार झाली होती, आणि तीही तिच्याच हातच्या, थेंब न गळणाऱ्या पिंपात. तिनं मुसळ उचललं.

"फोडू नको," सुखदेव म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. लीलाबाईनंही पाहिलं, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो वाईटच आला. खोटं कशाला बोलायचं. कुसुमबाईच्या चेहऱ्यावर तोच विचार दिसत होता.

"काऊन फोडू नको?" लीलाबाईनं विचारलं.

"तुह्या बापाचं पिंप आंबलं होतं म्हनत होती ना तू? ते कसं आंबलं ते आठव पयले. मंग फोड."

हे बोलून तो बाहेर निघून गेला. आता हा सरळ गुत्त्यावर जातो, असं अंगणातल्या प्रत्येक बाईला वाटलं. लीलाबाई मुसळ टेकून पायरीवर बसली आणि खरंच आठवायला लागली. गोदाम. कोपऱ्यातलं पिंप. दादाजीचा हात अजून त्या पिंपाला लागला नव्हता; त्याची वरची फळी फुटली होती आणि बूच हरवलं होतं. म्हणाला होता, याचं तोंड कितीक दिवस उघडंच राह्यलं वो पोरी, वारा खाऊन आंबलं. म्हणजे सगळ्या गोदामात शिरका झाला तो फक्त त्याच पिंपात, जे दादाजीनं दुरुस्त केलं नव्हतं. आणि तिनं काय केलं? बापाची सगळी विद्या खर्ची घालून वाऱ्यालाच बाहेर ठेवलं.

"कुसुमबाई," ती म्हणाली, "मले बुद्ध जयंतीपर्यंत दे. तवर आंबलं नाई तं मीच फोडतो, अन् सगळ्यांसमोर पाया पडतो."

कुसुमबाईनं तिच्या हातातलं मुसळ काढून भिंतीला लावलं. "पिंपाचं मी काई बोलून नाई राहिली," ती म्हणाली. "उघड्या तोंडाची दारू, अन् घरात पिनारा मानूस. तुह्यानं होते काय हे?"

लीलाबाई म्हणाली, हो. म्हणाली खरी, पण आवाज पडला होता. सुखदेव दिवेलागणीला परत आला. नदीवर जाऊन बसला होता. त्याच्या तोंडाला बिडीशिवाय कसलाही वास नव्हता, हे तिनं भाकर वाढताना वाकून पाहून घेतलं.

तेव्हापासून पिंप उघडं राहिलं. वर फक्त एक पातळ फडकं, दोरीनं बांधलेलं. ज्या बाईला बारीकशी फटही सहन व्हायची नाही, तिला आता रोज उठून ते उघडं तोंड बघावं लागे, आणि हात शिवशिवत. सुखदेवचा धक्क्यावरचा हंगाम संपलेला, त्यामुळे तो दुपारी घरीच. आणि लीलाबाई बागेत निंदणीला गेली की पिंपाजवळ घरात तो एकटा.

"मी पाह्यतो त्याच्याकडं," तो म्हणाला होता. "चिलटं बसू देत नाई."

तिला हे आवडलं नव्हतं. तिनं कडुनिंबाची काडी घेतली, पिंपात बुडवली आणि जिथपर्यंत ओली झाली तिथे विळ्यानं खाच केली. काडी तिनं चुलीमागे लपवली. फाल्गुन गेला, उन्हं तापली. लीलाबाई काडी बुडवायची आणि बघायची. माल खाचेखाली गेला होता. थोडा, मग आणखी थोडा. निंदताना तिचं लक्ष लागेना. रामनवमीच्या सुमारास एक दिवस ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारीच घरी आली. सुखदेव पिंपाशेजारी खाटेवर झोपला होता. ती वाकली आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला.

त्यानं डोळे उघडले. तो झोपलेला नव्हताच.

"काय पाहून राहिली?"

लीलाबाईनं चुलीमागून काडी आणली आणि त्याच्यासमोर धरली. सुखदेवनं काडी हातात घेतली, खाच पाहिली, खाचेखालची ओल पाहिली. त्याला राग येईल असं तिला वाटलं होतं. राग आला असता तर बरं झालं असतं.

"मी पेलो असतो," तो म्हणाला, "तं तुले काडीची गरज पडली असती काय? तू मले किती खेपा उचलून आनलं. मी पेलो का नाई पेलो, हे तुले माहीत नाई पडत?"

"मंग माल कुठी गेला?"

"मले काय माहीत. उघडं हाये, ऊन हाये." त्यानं काडी तिला परत दिली. "मोजत राह्य तू. मी नाई म्हनत नाई."

ती मोजत राहिली. तिला लाज वाटत होती, तरी मोजत राहिली, हे मी तिच्या बाजूनं सांगत नाही आणि तिच्या विरुद्धही नाही. ज्या बाईनं नवऱ्याला नालीतून उचललं आहे तिला असं एका वाक्यानं सोडून देता येत नाही. पण आता काडी ती लपवत नव्हती. चुलीजवळ समोरच ठेवायची.

वैशाख आला. एक दुपार ती कामावरून आली तर सुखदेव पिंपावर वाकून उभा होता, फडकं काढलेलं, हातात वाटी. लीलाबाई दारातच थबकली.

"ये," तो म्हणाला. "पाह्य."

ती गेली. मालावर दुधाच्या सायीसारखा एक पडदा धरला होता. सुखदेवनं तो बोटानं बाजूला सारला, वाटी भरली आणि तिच्यापुढे केली. तिनं घोट घेतला आणि तिचे डोळे मिटले, कानामागे झिणझिण्या गेल्या, तोंडाला पाणी सुटलं. आंबट. असा आंबट की दात कळवळले. तिनं वाटी तशीच हातात धरली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तुमाले कसं समजलं? चाखून पाह्यलं काय?"

"चाखलं नाई ना. तुह्या आधी कसा चाखू?" तो खाटेवर बसला. हात कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हतं. "मी रोज अठी बसत होतो ना. माघात, फाल्गुनात, मान तिकडं करून बसाव लागे. भिताडाकडं. वास आला का जीव जाय. मंग थोडा थोडा कमी वाटून राहिला. आता गंज दिवस झाले, मान वळवाव लागली नाई. तवाच मी समजलो, का आता याच्यात दारू नाई."

लीलाबाईनं वाटी खाली ठेवली.

"तू मुसळ उचललं ना," तो म्हणाला, "तवा मले वाटलं, हे फोडन तं माह्यापायी फोडन. सगळा मोहल्ला म्हनन, सुखदेवच्या घरात ठेवता नाई येत. मले पाह्यचं होतं, ठेवता येते का नाई."

लीलाबाई उठली, चुलीजवळची कडुनिंबाची काडी घेतली, दोन तुकडे केले आणि चुलीत घातले. त्याच जाळावर चहा ठेवला. सुखदेवनं पाहिलं. म्हणाला, साखर जास्त टाकजो. तिनं टाकली, आणि चहा ओतताना तिला रडू आलं ते तिनं आवरलं नाही.

बुद्ध जयंतीला विहारात खीर वाटून झाल्यावर सगळ्या बाया परत लीलाबाईच्या अंगणात. कुसुमबाईनं आधी वास घेतला, मग बोट बुडवलं, मग तिचं तोंड असं वेडंवाकडं झालं की पोरीबाळी खिदळल्या. "हा शिरका हाये," ती कडकपणे म्हणाली, जणू कोणी नाही म्हटलं होतं. मग पदरानं तोंड पुसलं आणि सुखदेव बसला होता तिथे गेली. "काय रे सुखदेव," ती म्हणाली, "चिलटं लय होते काय?" तो म्हणाला, होते ना जी. म्हातारी त्याच्या डोक्यावर हात ठेवून पुढे गेली.

त्या शिरक्यातले कांदे पुढे कुठे कुठे गेले, ढाब्यावाल्यांनी सुरुवातीला कशी तोंडं केली, हे सांगत बसलो तर दिवस जाईल. पुढच्या कार्तिकाच्या आधी लीलाबाईला आणखी पिंपं हवी होती, एवढं खरं. ती सौसरला गेली, आणि या खेपेला सुखदेव सोबत गेला. गोदामाच्या अंगणातली उरलेली दोन पिंपं त्यांनी उचलली. त्यांतलं एक असं होतं की बुडाशी अजून ओल होती, आणि उचलताच वास आला.

बस तीच, कंडक्टरही तोच. त्यानं टपाकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. "दोन पिंपं दोरानं नाई राहाची बाई. कोनी तरी वर धरून बसा लागते."

"मी बसतो," सुखदेव म्हणाला.

"अन् त्या वासात?" कंडक्टर म्हणाला. त्याला पांढुर्ण्यातलं सगळंच माहीत असायचं.

"बसतो जी," सुखदेव म्हणाला, आणि शिडी चढला.

लीलाबाई खाली आपल्या जागेवर बसली, खिडकीशी. बस सुटली. शेजारच्या बाईशी तिनं मेथीच्या भाजीच्या गोष्टी काढल्या, मग तिच्या पोरीच्या लग्नाच्या. मोहगाव आलं, मोहगाव गेलं, तिगावचा फाटा गेला. पांढुर्ण्याच्या स्टँडवर बस थांबली आणि टपावरून सुखदेवनं हाक मारली, तोवर लीलाबाईनं एकदाही खिडकीतून मान बाहेर काढली नव्हती.